शेवटचा भाग इथेच वाचावा

त्या अफाट शहरात जपानी चित्रकथा कुठे मिळतात असं कुणी विचारलं, तर मोठमोठ्या चकचकीत दुकानांतली माणसं आधी डोकं खाजवत आणि मग एका फळीकडे बोट दाखवत. त्या फळीवर एखाद्या मालिकेचा पहिला भाग असे, एकदम नववा असे आणि मधले कुठे गेले म्हणून विचारावं तर "मागवलेत" हे ठरलेलं उत्तर. ज्याला खरोखरच भूक लागलेली असे तो विचारत विचारत घड्याळवाल्यांच्या गल्लीत येऊन थडके. तिथे कोपऱ्यावरचा किल्लीवाला कानस चालवता चालवता, मान वर न करता सांगे, "ती मोठ्या डोळ्यांची पुस्तकं ना? समोरची इमारत, चौथा मजला. दातांच्या डॉक्टरांचं दार सोडून पुढचं. लिफ्टनं जा, पण जाळी नीट ओढून घ्या, नाहीतर मिस्त्रीच्या शिव्या खाल."

तर हा मिस्त्री. त्याचं खरं नाव त्याच्या पगाराच्या पाकिटावर तेवढं उरलं होतं. उभा जन्म त्यानं लिफ्टच्या वरच्या यंत्रखोल्यांत काढला, कोपरापर्यंत ग्रीस माखून. पोरवयात ज्या उस्तादाच्या हाताखाली लागला, त्यानं पहिल्याच दिवशी त्याला भिंतीला कान लावून उभं केलं आणि सांगितलं, "डोळे मीट. डोळ्यांना काय दिसतंय? कान सांगतील ते खरं." तेव्हापासून मिस्त्रीचे कान जे उघडले ते मिटलेच नाहीत. बसल्या जागी सांगायचा, दोर कुठे घासतोय, ब्रेक कुठे चिकटतोय. एकदा कुणाच्या तरी लग्नाला गेला आणि हॉलच्या दारातच यजमानाच्या कानात कुजबुजला, "तुमच्या लिफ्टचा ब्रेक काही खरा नाही." झालं! कुजबूज हां हां म्हणता मांडवभर पसरली, सगळं वऱ्हाड जिन्यानं चढलं, आणि नवरदेवाचा मामा, ज्याचं भाषण व्हायचं होतं, तो वर पोचला तेव्हा त्याच्या तोंडातून 'हा' आणि 'हू' यापलीकडे अक्षर फुटेना. लोक म्हणाले, इतकं चांगलं भाषण पूर्वी ऐकलं नव्हतं.

मिस्त्रीचं स्वतःचं लग्न मात्र राहून गेलं. आज बघू, उद्या बघू करत राहून गेलं. त्याला होता एक भाऊ, धाकटा. आईबाप लवकर गेले, तेव्हा मिस्त्रीनं त्याला खांद्यावर घेऊनच वाढवला म्हणा ना. थोरला जितका जमिनीला धरून, तितका धाकटा वाऱ्यावर. बंदरावरच्या एका कचेरीत तो कारकून होता. जहाजांवरचे खलाशी वाचून झालेली जपानी चित्रकथांची पुस्तकं टाकून जात, ती हा घरी आणायचा. मांगा म्हणतात त्यांना. त्याच गोष्टी हलत्या-बोलत्या केल्या की अ‍ॅनिमे. आधी एक कपाट भरलं, मग दुसरं, मग पलंगाखालची जागा. शेवटी बायको म्हणाली, "या घरात एक तर ती राहतील, नाहीतर मी."

धाकटा म्हणाला, "असं म्हणतेस? मग त्यांच्यासाठी जागा बघायला हवी."

"निदान दोन मिनिटं विचार करायचा तरी आव आणायचा होतात," असं ती पुढे कितीतरी वर्षं सगळ्यांना हसत हसत सांगत असे.

जागा मिस्त्रीनंच बघून दिली. त्या इमारतीची लिफ्ट दुरुस्तीला त्याच्याकडे होती. चौथ्या मजल्यावरची लांबट खोली, एक खिडकी. धाकट्यानं नोकरी सोडली, भिंतींना फळ्या ठोकल्या, एकूण एक पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घातलं, कण्यावर बारीक अक्षरात नाव घातलं आणि पुस्तकं वाचायला घरी द्यायला सुरुवात केली. कोपऱ्यात एक टीव्ही ठेवला. रविवारी दुपारी त्यावर अ‍ॅनिमे लागे आणि येईल तो सतरंजीवर बसून बघे. आवाज मात्र बारीक, कारण पलीकडे दातांच्या डॉक्टरांचा हात हलला असता.

पहिल्याच वर्षी धाकट्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. माणसं वीस-वीस भागांची मालिका नेत, एकोणीस भाग इमानदारीनं परत आणत आणि विसावा गडप. चोर म्हणावं तर तसे नव्हेत. चांगली नोकरीधंद्याची माणसं. विचारलं की मान खाली घालत. धाकटा रागावला नाही. म्हणाला, "दादा, माणसाला शेवट परत करवत नाही बघ." आणि त्यानं एक पाटी रंगवून दारासमोरच लावली: शेवटचा भाग इथेच वाचावा. सगळे शेवटचे भाग आपल्या खुर्चीमागच्या फळीवर वेगळे काढले. दातांच्या डॉक्टरांनी टाकून दिलेली एक जुनी खुर्ची खिडकीशी ठेवली. मालिका संपत आली की माणूस यायचा, त्या खुर्चीवर बसायचा, शेवट वाचायचा आणि पुस्तक तिथेच ठेवून जायचा. आणखी एक नियम पाटीवर नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होता. शेवट वाचून झाला की धाकटा त्या माणसापुढे पाण्याचा पेला ठेवी, आणि तो माणूस पाणी पिईपर्यंत त्याच्याशी कुणी म्हणजे कुणी बोलायचं नाही. एक गृहस्थ असेच पाणी न पिता इतका वेळ बसून राहिले, की डॉक्टरांकडच्या मदतनीस बाईनं येऊन त्यांना गालावर हात लावून विचारलं, "फार ठणकतंय का?" खालचा पहारेकरी तर दर चार दिवसांनी कुणाला तरी डोळे पुसत बाहेर पडताना पाही आणि दार उघडता उघडता विचारी, "दात की पुस्तक?"

असं सगळं छान चाललं होतं, आणि धाकटा आजारी पडला. पडला तो उठला नाही.

इस्पितळातून त्याला खाली आणताना लिफ्टमध्ये मिस्त्री होता, भावजय होती, दोन-तीन नातेवाईक होते. लिफ्ट खाली निघाली. कुणी हुंदके देत होतं, कुणी पदर तोंडाशी धरला होता. मिस्त्रीनं मान तिरकी केली आणि वॉर्डबॉयला म्हणाला, "बेअरिंग गेलंय. वरच्या चाकाचं. महिनाभरसुद्धा चालायची नाही ही."

भावजयीनं फक्त एकदा त्याच्याकडे पाहिलं.

त्यानंतर मिस्त्रीला काही म्हणजे काही वाटेनासं झालं. दुःख झालं असं म्हणावं, तर तेही नाही. भाजीत मीठ पडलं नाही तर त्याला कळत नसे, दुप्पट पडलं तरी कळत नसे. एकदा पान्याखाली अंगठा सापडला; नख काळंनिळं झालं, आणि तो दुसऱ्याच कुणाचा अंगठा असावा तसं त्याच्याकडे बघत राहिला. लोक म्हणत, दगड झालाय नुसता. दगडाला निदान ऊन लागलं तर तो तापतो. याचं तेवढंही नव्हतं. कान मात्र चालू होते. रस्त्यानं जाताना प्रत्येक इमारतीतली लिफ्ट त्याला ऐकू येई, कुरकुरणारी, धापा टाकणारी. तेवढंच काय ते ऐकू येई.

एके दिवशी भावजय किल्ल्यांचा जुडगा घेऊन त्याच्या खोलीवर आली.

"दादा, माझ्यानं तिथे पाऊल ठेववत नाही. दोनदा खालून परत आले."

"हं."

"तो गठ्ठेवाला आहे ना, तो सगळं घ्यायला तयार आहे. जागेचा करार महिनाअखेर संपतोय. तोवर तुम्ही बसाल का तिथे? आणि काय करायचं ते तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते. ठेवायचं म्हणालात तर ठेवू, द्यायचं म्हणालात तर देऊन टाकू."

"बघू," मिस्त्री म्हणाला.

"बघू नाही, दादा. सांगा. शेवटच्या शनिवारी तो येणार आहे."

"बरं."

हा गठ्ठेवाला काही वाईट माणूस नव्हता. बंद पडलेल्या दुकानांची, गेलेल्या माणसांची पुस्तकं तो गठ्ठ्यानं उचली, सुटी करी आणि गावोगाव टपालानं विकी. इथला पहिला भाग एका गावाला, दुसरा दुसऱ्या गावाला. मिस्त्रीला त्याचं काही नव्हतं. हो म्हणायला जेवढा श्वास लागतो तेवढाच नाही म्हणायला लागतो. एवढाही श्वास खर्च करावा असं त्याला वाटत नव्हतं, इतकंच.

तो धाकट्याच्या खुर्चीवर जाऊन बसू लागला. दुकानाचं त्याला ओ का ठो कळत नव्हतं. ते शिकवलं चष्मेवालीनं. ही एका इस्पितळात नर्स होती, पाळी सुटली की थेट दुकानात. पहिल्याच दिवशी तिनं मिस्त्रीला फैलावर घेतलं.

"काका, हे काय केलंत? समुद्री चाच्यांच्या शेजारी तुम्ही स्वयंपाकाची मालिका लावलीत!"

"जागा होती."

"जागा होती म्हणून काय झालं? आणि काल एका माणसाला शेवटचा भाग घरी दिलात म्हणे?"

"मागितला त्यानं."

चष्मेवालीनं कपाळाला हात लावला. "काका, तो आता गेला. तुमच्या हयातीत यायचा नाही परत." मग तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं. पाटी, खुर्ची, पेला, गप्प बसणं. मिस्त्री मान हलवत राहिला. पाण्याचं त्याला बरं वाटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी पेला घासून ठेवलेला दिसला.

दुपारी गिऱ्हाईक नसे. पलीकडे डॉक्टरांचं यंत्र घूं घूं करी, लिफ्ट वर येई, खाली जाई. अशाच एका दुपारी काही सुचेना म्हणून त्यानं मागच्या फळीवर हात टाकला आणि आला तो भाग काढला. आता गंमत अशी, की बाकीचे भाग लोकांकडे फिरत असत. दुकानात हमखास हाताशी सापडत ते शेवटचेच. मिस्त्रीला त्यातली भाषा येत नव्हती. इंग्रजी म्हणाल तर अप, डाऊन आणि ओव्हरलोड एवढंच. पण चित्रांना भाषा कशाला लागते? त्यानं पुस्तक मांडीवर घेतलं, तुम्हीआम्ही उघडतो तसं उघडलं आणि बघत बसला.

पहिल्याच पानावर भिंतीला टेकवलेली एक सायकल. माणूस नाही, काणूस नाही. मग एक रिकामा पलंग, चादर ताणून घातलेली. मग माना खाली घालून उभी असलेली माणसं, त्यांत एक दांडगा माणूस, हात काळे, कामाचे. मग तो पलंग पुन्हा, आणि आता त्यावर एक माणूस, अगदी काडी झालेला. मिस्त्री पानं उलटत गेला. पलंगावरच्या माणसाचे गाल हळूहळू भरू लागले. तो उशीला टेकून बसला. त्यानं वाटीतलं काहीतरी खाल्लं. मग उठला, भिंत धरून दारापर्यंत आला. आणि शेवटी तो आणि तो दांडगा, दोघं एकाच सायकलवर बसून टेकडीच्या रस्त्यानं निघालेले, कलिंगडाच्या फोडी खात, बिया एकमेकांवर थुंकत. भाऊच असणार. नाक सारखं होतं.

गोष्ट जरा अडखळत चालली होती, चौकटी मागेपुढे झाल्यासारख्या वाटत होत्या, पण परदेशी माणसांची तऱ्हा म्हणून त्यानं सोडून दिलं. पुस्तक मिटून जागेवर ठेवलं.

त्याला काही वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी हात आपोआप तिथेच गेला. तिसऱ्या दिवशीही. रोज दुपारी तो माणूस पलंगावर यायचा, उठून बसायचा, खायचा आणि सायकलवर बसून निघून जायचा. मिस्त्रीला ते यंत्रासारखं बरं वाटायचं. कळ दाबली की चालतं, अशी किती यंत्रं असतात जगात?

चष्मेवालीला तो एकदा आपण होऊन म्हणाला, "हे चांगलं आहे."

आपण होऊन मिस्त्री बोलला याचंच तिला नवल. तिनं कण्यावरचं नाव वाचलं. ते पुस्तक तिनं याच खुर्चीवर बसून वाचलं होतं आणि पेलाभर पाणी तिला पुरलं नव्हतं.

"चांगलं म्हणजे... कसं, काका?"

"आजारी असतो ना तो. बरा होतो."

चष्मेवालीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. इस्पितळात रोज ती लोकांना नको त्या गोष्टी तोंडावर सांगत असे. तिची जीभ कधी अडखळत नसे. ती म्हणाली, "हो का. मला नीटसं आठवत नाही," आणि दुसऱ्याच कुठल्या तरी मालिकेचे दोन भाग उचलून जिन्यानं निघून गेली.

शेवटचा शनिवार आला. भावजय आली. खालून परत न जाता चार मजले वर आली, एवढंच तिला पुष्कळ होतं. दारात जरा वेळ थांबली, पाटी पाहिली, मग आत येऊन भिंतीशी बसली. मागोमाग गठ्ठेवाला आला, सुतळीचा गुंडा काखेत मारून.

"काय मिस्त्री, रमलात की नाही इथे? मी म्हटलं तुम्ही एव्हाना यात मुरला असाल." गठ्ठेवाल्याला गप्प राहणं जमत नसे. तो फळ्यांवरून बोट फिरवत चालला. "हे बरं आहे. हे पूर्ण आहे. याचे मधले दोन नाहीत. आणि हे मागचे?"

"शेवटचे भाग," भावजय म्हणाली.

"वा, वा! हेच तर कुठे मिळत नाहीत." त्यानं नेमका तोच भाग काढला. "अरे, हा इथे आहे? सायकलवाल्या भावांचा! याच्यासाठी लोक माझा जीव खातात. शेवटी धाकटा मरतो ना, तोच हा."

"मरत नाही," मिस्त्री म्हणाला.

"ऑं?"

"मरत नाही तो. बरा होतो. मी रोज वाचतो."

गठ्ठेवाल्यानं एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा मिस्त्रीकडे. "वाचून दाखवा बघू कसं वाचता."

मिस्त्रीनं पुस्तक घेतलं, मांडीवर ठेवलं आणि उघडलं. गठ्ठेवाला खो खो हसत सुटला. "अहो मिस्त्री! हे लोक आपल्या उलट. उजवीकडून उघडायचं असतं हे! तुम्ही तर गेलेल्या माणसाला सरणावरून उठवलंत की रोज!"

आणि मग त्याला आठवलं आपण कुठे उभे आहोत, कुणासमोर बोलतोय. त्यानं जीभ चावली. सुतळीचा गुंडा या हातातून त्या हातात केला. भावजय जमिनीकडे बघत होती. पलीकडचं यंत्र घूं घूं करत थांबलं.

मिस्त्री उठला. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तो होता तसाच होता. पुस्तक घेऊन तो खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसला, त्यानं ते उलटं फिरवलं आणि उजवीकडून उघडलं.

चित्रं तीच होती. एकही रेघ बदललेली नव्हती. वर जाताना लागतात तेच मजले खाली येताना लागतात, तशीच. टेकडीचा रस्ता, सायकल, कलिंगडाच्या बिया. मग धाकटा दारात भिंत धरून उभा. मिस्त्रीला वाटत आलं होतं, तो पलंगावरून उठून दारापर्यंत आलाय. आता कळलं, तो दारातून पलंगाकडे निघाला होता. वाटी. त्यानं घास खाल्ला नव्हता, वाटी परत केली होती. उशी. गाल आत गेले. दांडगा भाऊ पलंगाशी बसलेला, काळे हात मांडीवर, आणि त्या हातांना करण्यासारखं काही नाही. मिस्त्री प्रत्येक पानावर थांबत होता. यावेळी चौकटी अडखळत नव्हत्या. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, तेल दिल्यासारख्या निघत होत्या. माना खाली घातलेली माणसं. ताणलेली चादर. भिंतीला टेकवलेली सायकल. पुढे पान नव्हतं.

बाहेर लिफ्ट वर आली. चौथ्यावर थांबली, जाळी सरकली, कुणीतरी ती नीट न ओढता निघून गेलं, लिफ्ट लटकून राहिली आणि खालून कुणीतरी घंटी वाजवत राहिलं. मिस्त्रीला काहीच ऐकू आलं नाही.

गठ्ठेवाला खाकरला. "बरं, मग मिस्त्री, काय ठरलं..."

"शू," भावजय म्हणाली.

ती उठली. मडकं कुठे आहे, पेला कुठे असतो हे तिला न बघता ठाऊक होतं. तिनं पाणी ओतलं, पेला नेऊन खिडकीच्या कठड्यावर मिस्त्रीच्या हाताशी ठेवला आणि गठ्ठेवाल्याकडे वळून हळूच म्हणाली, "त्यांचं पाणी व्हायचंय अजून. इथे तशी पद्धत आहे."

"हो का? मला कल्पना नव्हती," गठ्ठेवालाही आपोआप कुजबुजला. तो सतरंजीवर टेकला. भावजय भिंतीशी बसली.

मिस्त्रीनं पेल्याकडे पाहिलं. पाणी स्वच्छ होतं. काठोकाठ होतं. हात लांब केला की पुरत होता. त्यानं हात लांब केला, पेल्याला लावला, तो गार असल्याचं त्याला कळलं. आणि मग त्यानं हात परत मांडीवर ठेवला.

जरा वेळानं गठ्ठेवाल्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. आणखी जरा वेळानं त्यानं भावजयीकडे पाहिलं. तिनं मान हलवली, अजून नाही. डॉक्टरांची बाई दारातून डोकावून विचारू लागली, लिफ्टची जाळी कुणी उघडी टाकली म्हणून, आणि पेला बघून तोंडावर बोट ठेवून परत गेली. ऊन खिडकीतून खुर्चीच्या पायापर्यंत सरकलं, मग खुर्चीवर चढलं. शेवटी गठ्ठेवाला गुडघ्यांवर हात देऊन उठला, बूट हातात घेऊन दारापर्यंत पावलं न वाजवता गेला आणि तिथून भावजयीला खुणेनंच विचारलं, परत केव्हा येऊ? तिनं मिस्त्रीपुढच्या पेल्याकडे बोट दाखवलं. गठ्ठेवाल्यानं भरलेल्या पेल्याकडे एकदा पाहिलं, सुतळीचा गुंडा काखेत मारला आणि जिन्यानं उतरून गेला.

दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा भावजयीनं फळ्या सरळ केल्या, चाच्यांच्या शेजारची स्वयंपाकाची मालिका उचलून जागेवर लावली. मिस्त्री उठला. त्यानं पुस्तक मागच्या फळीवर ठेवलं, कणा बाहेर येईल असं. पेला उचलला, तसाच भरलेला, आणि धाकट्याच्या टेबलावर ठेवला.

"दादा, ओतून देऊ का ते?" भावजयीनं विचारलं, आणि विचारल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण नियम मोडला.

मिस्त्रीनं टेबलावरची एक बशी घेतली, पेल्यावर झाकण म्हणून ठेवली आणि दिवा घालवला.